पापण्या आपोआप घट्ट मिटतात. इंजेक्शनचे उपचार सुरू करावेत का?

खाडीपूल_कळवा

नमस्कार. माझे वय ५६ असून मी नौपाड्यातील एका पतपेढीत हिशेबाचे काम करते. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांत कचकच होऊ लागली, वाळू गेल्यासारखे खुपू लागले आणि पापण्यांची उघडझाप वाढली. जवळच्या नेत्रतज्ज्ञांनी कोरडेपणाचे निदान करून थेंब दिले आणि चष्म्याचा नंबरही बदलला. थेंबांनी खुपणे पुष्कळ कमी झाले, मात्र उघडझाप थांबली नाही. दिवाळीनंतर तर दोन्ही डोळे एकाच वेळी घट्ट मिटले जाऊ लागले. मिटल्यावर ते माझ्या इच्छेने उघडत नाहीत आणि कधीकधी बोटाने पापणी वर उचलावी लागते.

सर्वांत जास्त त्रास उन्हात होतो. कळव्याहून बसने ठाण्याला जाताना खाडीवरच्या पुलावर ऊन थेट तोंडावर येते आणि तेवढा वेळ मी जवळजवळ डोळे मिटूनच बसते. ठाणे स्थानकाजवळच्या गर्दीत रस्ता ओलांडायचा झाल्यास कुणाचा तरी हात धरावा लागतो. कार्यालयात खतावणीतील आकड्यांचे रकाने वाचताना आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना पापण्या ओढल्या जातात. याउलट सकाळी उठल्यावर पहिला तास-दीड तास काहीच होत नाही आणि झोपेत तर त्रास मुळीच नसतो, असे घरचे सांगतात. आणखी एक गोष्ट मला स्वतःलाच चमत्कारिक वाटते. आमच्या भजनी मंडळात अभंग म्हणत असताना माझे डोळे व्यवस्थित उघडे राहतात. त्यामुळे मंडळातल्या एक-दोघींना हे सगळे नाटक वाटते, आणि एका फिजिशियनांनीही मानसिक ताणाचे कारण सांगून झोप आणणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका कोणता डोळा लवतो ते विचारतात. दोन्ही लवत असल्याने शुभाशुभाचा निर्णय त्यांनाही करता येत नाही.

अलीकडे ठाण्यातीलच एका न्यूरोलॉजिस्टना दाखवले. त्यांनी थोड्याच वेळात हा ब्लेफरोस्पाझम, म्हणजे पापण्या आपोआप आवळल्या जाण्याची आकडी, असल्याचे सांगितले आणि साधारण दर तीन महिन्यांनी पापण्यांभोवती बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला दिला. हेच सौंदर्यासाठी वापरले जाणारे बोटॉक्स आणि मुळात ते एक विष आहे, हे कळल्यापासून घरात मतभेद सुरू आहेत. डोळ्याच्या इतक्या जवळ ते टोचून घेणे सुरक्षित आहे का, एकदा सुरू केले की जन्मभर घ्यावे लागते का, कालांतराने त्याचा परिणाम कमी होतो का, ते न्यूरोलॉजिस्टकडून घ्यावे की नेत्रतज्ज्ञाकडून, आणि गोळ्यांनी किंवा शस्त्रक्रियेने भागण्यासारखे आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. निवृत्तीला अजून काही वर्षे असल्याने नोकरी टिकवणे मला आवश्यक आहे. ज्यांनी हे उपचार स्वतः घेतले आहेत किंवा घरात जवळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

सेक्टर_अठरा_नेरूळ

ताई, मी अनेक वर्षे हीच इंजेक्शने घेत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अभंग म्हणताना डोळे उघडे राहतात, हे तुम्ही तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते नाटक असल्याचे नव्हे, उलट याच विकाराचे लक्षण आहे. बोलताना, गाताना, काही चघळताना, किंवा कानशिलावर वा भुवईजवळ बोट टेकवल्यावर काही काळ आकडी सैल पडणे हे या प्रकारच्या विकारांत नेहमी आढळते. मी चालताना एक बोट चष्म्याच्या दांडीखाली कानशिलावर टेकवून ठेवत असे, आणि पाम बीच रस्ता ओलांडताना मोठ्याने पाढे म्हणत असे. बघणाऱ्यांना काय वाटायचे ते वाटो, पण डोळे उघडे राहत. तपासणीच्या खोलीत मात्र डॉक्टरांशी बोलण्याच्या नादात लक्षणे नेमकी नाहीशी होतात आणि रुग्ण खोटा ठरतो. म्हणून घरच्यांना तुमचा रस्त्यावरचा, उन्हातला आणि वाचतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर घ्यायला सांगा. तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी लवकर ओळखले, ते बरे झाले. आमच्यापैकी पुष्कळांची वर्षे कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत आणि मानसिक असल्याच्या सल्ल्यांत गेलेली असतात.

आता इंजेक्शनाविषयी. अतिशय बारीक सुईने, डोळ्याच्या बुबुळात नव्हे तर पापणीच्या आणि तिच्या भोवतालच्या कातडीखाली, ठिकठिकाणी थोडे थोडे औषध सोडतात. टोचते, डोळ्यांतून पाणी येते, एखाद्या ठिकाणी काळेनिळे पडते. परंतु सगळे काही मिनिटांत आटोपते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. गुण लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी पापण्या हलक्या वाटू लागतात, आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम जाणवतो आणि तो साधारण तीन महिने टिकतो. शेवटचे काही आठवडे त्रास हळूहळू परत येतो. हा चढउतार गृहीत धरूनच मी माझी कामे लावतो. लग्नकार्य, प्रवास, बँकेची मोठी कामे चांगल्या आठवड्यांत उरकतो आणि औषध उतरणीला लागले की जिन्यावरून व रस्त्यावरून सांभाळून चालतो. त्या आठवड्यांत स्कूटरला हातही लावत नाही. तुम्ही वाहन चालवत असल्यास, डोळे आपोआप मिटत असेपर्यंत ते पूर्णपणे बंद ठेवा. याबाबतीत सवलत नाही.

पहिल्या खेपेवरून मात्र मत बनवू नका. माझ्या सुरुवातीच्या एका खेपेनंतर उजवी पापणी खाली ओघळली आणि काही आठवडे तशीच राहिली. घरचे घाबरले, मीही वैतागलो, पण ती आपोआप पूर्ववत झाली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी टोचण्याच्या जागा किंचित बदलल्या. डोस आणि जागा जमायला काही खेपा जाव्या लागतात, आणि त्या जमवण्यात रुग्णाचा वाटा डॉक्टरांइतकाच असतो, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या दिवशी आराम सुरू झाला, कोणत्या बाजूला कमी पडला, पापणी जड झाली का, डोळा मिटताना फट राहिली का, परिणाम कधी ओसरला, हे एका वहीत लिहून प्रत्येक वेळी सोबत न्या. टोचण्याच्या जागांची खूण केलेले डोळ्याचे रेखाचित्र आणि प्रत्येक जागी दिलेली युनिटे यांची प्रत डॉक्टरांकडून मागून घ्या. डॉक्टर बदलावा लागला तर त्या कागदाचे मोल कळते.

न्यूरोलॉजिस्ट की नेत्रतज्ज्ञ, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की पदवीपेक्षा सराव पाहावा. पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे ऑक्युलोप्लास्टीचे नेत्रतज्ज्ञ आणि हालचालींच्या विकारांवर काम करणारे न्यूरोलॉजिस्ट हे दोघेही ही इंजेक्शने देतात. ब्लेफरोस्पाझमसाठी तुम्ही नियमितपणे इंजेक्शने देता का, असे सरळ विचारण्यात संकोच बाळगू नये. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शने देणाऱ्या सौंदर्यकेंद्रात मात्र यासाठी जाऊ नये.

तलावपाळी_सकाळ

ताईंनी इंजेक्शनाच्या मागे लागण्यापूर्वी काही महिने त्राटक करून पाहावे. समईच्या ज्योतीकडे पापणी न लववता पाहत राहिल्याने डोळ्यांचे स्नायू बळकट होतात आणि मनाची चंचलता जाते. सोबत साजूक तुपाचे नेत्रतर्पण घेतल्यास कोरडेपणाही जातो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची पापणी फडफडणे याने पूर्ण थांबले.

वाशी_जुना_दवाखाना

मी निवृत्त नेत्रतज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष तपासणीशिवाय कुणालाही उपचार सांगणे योग्य नसल्याने जे लिहितो ते केवळ माहितीदाखल समजावे.

प्रथम वरच्या सूचनेविषयी. ब्लेफरोस्पाझममध्ये स्नायू दुबळे नसतात, ते गरजेपेक्षा जास्त आणि नको तेव्हा आवळले जातात. त्यामुळे त्यांना बळकट करण्याचा येथे उपयोग नाही. शिवाय या रुग्णांना उजेड सहन होत नाही आणि अनेकांचे डोळे मुळातच कोरडे असतात. अशा व्यक्तीने पापणी न लववता ज्योतीकडे पाहत बसणे म्हणजे दुखऱ्या जागीच घासण्यासारखे आहे. परिचित गृहस्थांना आराम पडला असेल, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांचा त्रास बहुधा निराळा असावा. जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, ताण यांमुळे एकाच पापणीचा, बहुतेक वेळा खालच्या पापणीचा, एखादा तंतू फडफडतो, त्याला मायोकिमिया म्हणतात. त्यात डोळा मिटत नाही आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते आपोआप थांबते. त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते.

खाडीपूल यांनी वर्णन केलेला विकार डिस्टोनिया या गटात मोडतो. बिघाड डोळ्यात नसतो आणि मनातही नसतो. हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूतील केंद्रांच्या जाळ्यात तो असतो. डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूला मिटण्याचा आदेश वारंवार आणि अकारण मिळत राहतो. पन्नाशी-साठीत सुरुवात होणे, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळणे, आधी खुपणे आणि उघडझाप वाढणे, मग दोन्ही डोळे मिटणे, उजेडाने, वाऱ्याने, वाचनाने व थकव्याने त्रास वाढणे आणि झोपेत तो थांबणे, हा त्याचा ठरलेला क्रम आहे. मनाच्या ताणाने तो वाढतो हे खरे, पण ताण हे त्याचे मूळ नव्हे. यासाठी रक्ताची एखादी निर्णायक चाचणी नाही. निदान मुख्यतः पाहून आणि ऐकून होते; लक्षणे नेहमीची असतील तर एमआरआय बहुधा निर्दोष येतो आणि प्रत्येकाला तो लागतोच असे नाही. काही रुग्णांत पुढे जबडा, ओठ व जीभ यांच्याही अनैच्छिक हालचाली सुरू होतात. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट आँरी मेझ यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले होते, म्हणून त्याला मेझ सिंड्रोम म्हणतात. बोलताना किंवा जेवताना जबडा ओढला जाऊ लागला तर डॉक्टरांना सांगावे.

आता विषाविषयीची भीती. ती स्वाभाविक आहे, पण हे औषध आधी सौंदर्यासाठी निघाले आणि मग डोळ्यांकडे आले, असा जो समज आहे तो उलटा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून विकसित केले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्याला पहिली मान्यता दिली ती तिरळेपणा, ब्लेफरोस्पाझम आणि चेहऱ्याच्या एका बाजूच्या आकडीसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ ची आहे. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडून स्नायूला आकुंचनाचा निरोप देते. हे औषध त्याचे बाहेर पडणे रोखते. तंतूचे टोक काही महिन्यांत पुन्हा कामाला लागते, म्हणून परिणाम तात्पुरता असतो. परिणाम तात्पुरता असल्यामुळेच दुष्परिणामही बहुधा तात्पुरते असतात. पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत औषध पसरल्यास पापणी ओघळते, क्वचित दुहेरी दिसते, आणि डोळा नीट न मिटल्यास कोरडेपणा वाढून बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून इंजेक्शनानंतर डोळे चोळू नयेत, कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू ठेवावेत आणि डोळा लाल होऊन दुखू लागल्यास किंवा धूसर दिसल्यास थांबून न राहता दाखवावे. श्वास घेणे, गिळणे किंवा बोलणे जड गेल्यास ती तातडीची बाब समजून थेट रुग्णालयात जावे. पापण्यांसाठीच्या लहान डोसात असे क्वचितच घडते.

इंजेक्शनापूर्वी डॉक्टरांना सांगायलाच हव्यात अशा काही गोष्टी आहेत: मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी प्रतिजैविके चालू असणे. परिणाम अपुरा वाटला म्हणून तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेण्याचा आग्रह धरू नये. फार लवकर आणि फार मोठ्या डोसात वारंवार घेतल्यास शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ होण्याची शक्यता असते, एरवी वर्षानुवर्षे ते उपयोगी पडत राहते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या औषधांची युनिटे परस्परांशी तुल्य नसतात, त्यामुळे नुसती संख्या नव्हे तर औषधाचे नावही नोंदवून ठेवावे.

क्लोनाझेपाम, ट्रायहेक्सीफेनिडिल, बॅक्लोफेन यांसारख्या गोळ्या वापरल्या जातात. त्यांचा गुण मर्यादित आणि सुस्तीचा त्रास जास्त, आणि वाढत्या वयात तोल जाणे व विसराळूपणा यांचीही भर पडते. हिशेबाचे काम करणाऱ्या व्यक्तीला मी त्या पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. शस्त्रक्रियेत गोल स्नायूचा काही भाग काढतात, पण तो विचार इंजेक्शने निष्फळ ठरल्यानंतरचा आहे. काही रुग्णांत आकडी थांबूनही पापणी उघडण्याचा आदेशच पोहोचत नाही. अशा वेळी टोचण्याची जागा पापणीच्या कडेजवळ घेतल्याने फरक पडू शकतो, म्हणून डोळे घट्ट आवळले जातात की नुसते उघडत नाहीत, हे नीट निरखून सांगावे.

घोडबंदर_तेरावा_मजला

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा असला तरी येथे लिहितो, कारण माझेही निदान सुरुवातीला ब्लेफरोस्पाझम असेच झाले होते. माझा फक्त डावा डोळा मिटत असे आणि काही महिन्यांनी त्याच बाजूचा गाल व ओठाचा कोपराही वर ओढला जाऊ लागला. झोपेतही ते थांबत नसल्याचे पत्नीने पाहिले होते. हा हेमिफेशियल स्पाझम निघाला. चेहऱ्याच्या मज्जातंतूवर मेंदूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी दाब देत असल्याने तो होतो, आणि म्हणून येथे एमआरआय आवश्यक ठरतो.

यातही बोटुलिनमची इंजेक्शने उपयोगी पडतात आणि मीही ती काही काळ घेतली. परंतु मूळ कारण दाबाचे असल्याने कानामागून कवटीला लहान छिद्र पाडून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध असते. बहुसंख्य रुग्णांत तिने त्रास थांबतो. त्या बाजूची श्रवणशक्ती जाण्याचा धोका मात्र असतो. मी वयाचा आणि रक्तदाबाचा विचार करून ती केली नाही, माझ्याच मजल्यावरच्या एका तरुण शेजाऱ्याने केली आणि तो आज मजेत आहे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत, असे मला वाटते. मुद्दा एवढाच की त्रास एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हे वाचकांनी आधी नीट पाहावे. ताईंचे वर्णन दोन्ही बाजूंचे असल्याने ही शस्त्रक्रिया त्यांना लागू नाही. कुणी सुचवल्यास कारण अवश्य विचारावे.

खाडीपूल_कळवा

सर्वांची मनापासून आभारी आहे. भजनाविषयीचा खुलासा वाचून मोठे ओझे उतरले. तो परिच्छेद मी मंडळातल्या भगिनींना वाचून दाखवणार आहे. माझे दोन्ही डोळे एकाच वेळी मिटतात, गाल ओढला जात नाही आणि ते नुसते न उघडणे नसून घट्ट आवळले जाणे आहे. इंजेक्शन घेण्याकडे आता मनाचा कल झाला आहे. खर्चाविषयी कुणी लिहू शकेल का? आमच्या विमा एजंटाचे म्हणणे असे की रुग्णालयात रात्रभर दाखल न झाल्यास काहीच मिळणार नाही. आणखी एक प्रश्न आहे. पित्तासाठी मी बऱ्याच काळापासून एक कॅप्सूल घेते, ती चालू ठेवावी का?

ऐरोली_लेक

काकू, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. त्या कॅप्सूलच्या पट्टीवर घटकांची नावे बारीक अक्षरांत असतात, ती कृपया आजच वाचा. आम्लपित्ताच्या पुष्कळ गोळ्यांत पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड हा दुसरा घटक असतो आणि तो मेंदूतील डोपामाइन या हालचालींशी संबंधित रसायनाच्या कार्यात अडथळा आणत असल्याने हातांचा कंप, हालचालींतला मंदपणा आणि चेहऱ्याच्या वा पापण्यांच्या अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात. माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेत राहिली, आणि पापण्यांसाठी आम्ही तिला कुठे कुठे फिरवले. न्यूरोलॉजिस्टनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली तेव्हा उलगडा झाला. गोळी बंद केल्यानंतर तिचा त्रास हळूहळू पुष्कळ कमी झाला. प्रत्येकाच्या बाबतीत असे होईल असे नाही. काहींत बंद केल्यावरही लक्षणे राहतात. मळमळीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीचे सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचे फ्लुनारिझिन आणि मनोविकारांवरची काही औषधे यांनीही असे होऊ शकते. मनोविकारांची औषधे मात्र कुणीही आपल्या मनाने थांबवू नयेत. तुमच्या कॅप्सूलमध्ये यांपैकी काही असेल तर पट्टी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि इंजेक्शनाची तारीख ठरवण्याआधी त्यांचे मत घ्या.

खर्चाबाबत सांगायचे तर आकडा औषधाची कंपनी, लागणारी युनिटे आणि डॉक्टरांचे शुल्क यांवर ठरतो. औषध कुपीत येते, फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि सलाइनमध्ये मिसळल्यावर लवकर वापरून संपवावे लागते. पापण्यांना लागणारा डोस अनेकदा अख्ख्या कुपीपेक्षा कमी असतो, त्यामुळे काही दवाखाने ठरावीक दिवशी अनेक रुग्णांना एकत्र बोलावतात आणि युनिटांप्रमाणे पैसे घेतात, तर काही ठिकाणी पूर्ण कुपीचे पैसे द्यावे लागतात. हे आधीच विचारून ठेवा, आणि कुपीवरचे नाव व मुदतीची तारीख पाहायला संकोच करू नका.

विम्याबाबत एजंटाच्या तोंडी उत्तरावर थांबू नये. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च पुष्कळ पॉलिसी देत नाहीत हे खरे आहे, परंतु दाखल न होता होणाऱ्या डे-केअर उपचारांची तरतूद तुमच्या पॉलिसीत कशी आहे, हे विमा कंपनीला लेखी विचारा. सोबत हे इंजेक्शन सौंदर्यासाठी नसून ब्लेफरोस्पाझमच्या उपचारासाठी आहे, असे डॉक्टरांचे पत्र जोडा, कारण बोटॉक्स हा शब्द दिसताच दावा सौंदर्योपचार म्हणून बाजूला पडू शकतो. परवडणारा मार्ग हवा असल्यास परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जेजे या रुग्णालयांत न्यूरोलॉजी आणि नेत्र असे दोन्ही विभाग आहेत. कळव्याहून धीम्या गाडीने परळला थेट जाता येते. तिथे औषध बाहेरून स्वतः आणावे लागेल का, एवढे पहिल्या भेटीतच विचारावे. रांग मोठी असते, डबा बरोबर न्या.

सेक्टर_अठरा_नेरूळ

ऐरोलीच्या ताईंनी गोळ्यांचा मुद्दा काढला ते फार बरे केले. ती तपासणी खरोखर आधी व्हायला हवी.

नोकरीविषयी थोडे राहून गेले होते. मी निवृत्त होईपर्यंत तुर्भ्याच्या कारखान्यात कामावर होतो. डॉक्टरांकडून आजाराचे नाव आणि त्याचे स्वरूप सांगणारे साधे पत्र घेऊन ते व्यवस्थापनाला दिले आणि खिडकीकडे तोंड असलेली माझी बसण्याची जागा खिडकीकडे पाठ येईल अशी बदलून घेतली. डोक्यावरची एक ट्यूबलाइट काढायला लावली, पडद्याची चमक कमी केली आणि अक्षरे मोठी केली. बारकाईचे वाचन सकाळीच उरकत असे. गुलाबी छटेच्या एफएल-४१ काचांचा चष्मा उजेड सहन न होणाऱ्यांना उपयोगी पडतो. मला घरात आणि कार्यालयात त्याचा फायदा झाला. बाहेर मात्र कडेने बंद असलेला गॉगल आणि रुंद काठाची टोपी बरी पडते, कारण वारा आणि धूळ दोन्ही अडतात. घरात दिवसभर काळा गॉगल लावून बसू नका, त्याने डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही जास्त टोचतो.

पतपेढीत तुम्हाला मार्चअखेरीचे काम असेल, तेव्हा पहिल्या इंजेक्शनाची तारीख त्याच्या बऱ्याच आधी घ्या. पहिल्या खेपेत पापणी जड झालीच तर ती सावरायला वेळ हाताशी राहील. वरच्या मजल्यावर कार्यालय असल्यास जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावून घेण्याची विनंतीही त्याच पत्रात करा.

खाडीपूल_कळवा

कॅप्सूलची पट्टी पाहिली, तीत लेव्होसल्पिराइड आहे. न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन केला असता त्यांनी ती कॅप्सूल आजपासून थांबवण्यास आणि सर्व गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन सोमवारी येण्यास सांगितले आहे. इंजेक्शन लगेच घ्यायचे की काही काळ थांबून पाहायचे, हे त्या भेटीत ठरेल. व्हिडिओ मुलीने आज सकाळी खाडीपुलावर बसमध्येच घेतला असून तोही दाखवणार आहे.